परभणी ते हॅम्बुर्ग: एका रात्रीत दोनदा अडलेला प्रवास

पार्श्वभूमी

परभणीत राहणारं निवृत्त दांपत्य. काका ६६ वर्षांचे, मधुमेही, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारे. काकू ६१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे, रांगेत फार वेळ उभं राहता येत नाही. मुलगी जर्मनीत हॅम्बुर्गला असते. तिच्या बाळंतपणासाठी दोघं जुलै २०२५ मध्ये निघाले. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिकिटं दोन होती. पहिलं छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईचं: संध्याकाळी ६.५० ला सुटून रात्री ८ ला पोचणारं. दुसरं एका युरोपीय कंपनीचं, मुंबई–फ्रँकफर्ट–हॅम्बुर्ग: मध्यरात्रीनंतर २.०५ ला सुटणार, फ्रँकफर्टला तिथल्या सकाळी ७.३० ला पोचणार, तिथून ९.१५ चं विमान आणि १०.२० ला हॅम्बुर्ग. मुंबईत मध्ये सहा तास मोकळे होते. एजंटाने दोन्ही तिकिटं एकाच कागदावर, एकाखाली एक छापून दिली. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा समज झाला की हा एकच प्रवास आहे.

कागदावर एक दिसणारा हा प्रवास नियमाने दोन होता, आणि पुढचं सगळं प्रकरण याच गोष्टीभोवती फिरतं. मुंबई–फ्रँकफर्ट–हॅम्बुर्ग एका पीएनआरवर असल्याने फ्रँकफर्टची जोड चुकली तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. चिकलठाणा–मुंबई मात्र वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरचं. ते विमान लांबलं आणि मुंबईचं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने हे प्रवासी आलेच नाहीत एवढाच त्याचा अर्थ. तिकीट वाया जातं, आणि परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर बहुतेक कंपन्या तेही रद्द करतात.

पहिली अडचण: मुंबईचा पाऊस

सकाळपासून मुंबईत जोराचा पाऊस होता. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पावसात दिसणं कमी झालं की दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि तासाभरात उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. याचा फटका छोट्या मार्गांना जास्त बसतो, कारण तिथे एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं आणि दुपारचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

विमान लांबल्याचा पहिला मेसेज कंपनीने ११.५० ला पाठवला होता. तो काकांपर्यंत पोचला १.१० ला, कारण बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल एजंटाचा होता. ही गोष्ट आपल्याकडे सर्रास होते. एजंट स्वतःचा नंबर टाकतो, घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही, आणि विमान लांबल्याची बातमी पहिल्यांदा कळते ती प्रवासाशी संबंध नसलेल्या माणसाला. नवी वेळ होती रात्री ८.४०.

दोघं तोवर भाड्याच्या गाडीने जालना ओलांडून चिकलठाण्याच्या वाटेवर होते. जावयाने हॅम्बुर्गहून फोनवर पहिलं काम सांगितलं ते गाडी न सोडण्याचं. थोड्या वेळाने मुलीने पुन्हा विचारलं, "बाबा, गाडी सोडली का?" काका म्हणाले, "नाही बाई, इथंच हाय. ड्रायव्हर चहा प्यायलाय." थांबण्याचे पैसे वेगळे ठरले. या एका गोष्टीमुळे पुढे निर्णयाला वाव राहिला. विमानतळावर उतरवून गाडी परभणीला परत गेली असती, तर भर पावसात दुसरी गाडी शोधण्यात हातचा वेळ गेला असता.

४.०५ ला दुसरा मेसेज आला: नवी वेळ रात्री १०.१५.

कोणते पर्याय होते

जावयाने गणित शेवटून मांडलं. २.०५ चं विमान, काउंटर एक तास आधी म्हणजे १.०५ ला बंद. व्हीलचेअर, दोन मोठ्या बॅगा, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी धरून उशिरात उशिरा १२ ला मुंबईच्या टर्मिनल २ वर असायला हवं. चिकलठाण्याहून समृद्धी महामार्गाने सहा तास, पाऊस आणि भिवंडी–ठाण्याची वाहतूक म्हणून दीड तास वर. म्हणजे रस्त्याने जायचं तर ४.३० ही निघण्याची शेवटची वेळ. त्यानंतर हा पर्याय संपतो आणि विमानावर विसंबणं एवढंच उरतं.

आता विमानाची बाजू. १०.१५ ला सुटलं तर ११.२५ ला उतरणार. बॅगा हातात यायला अर्धा तास. हे विमान टर्मिनल १ ला उतरणारं होतं आणि टर्मिनल २ ला जायला विमानतळाबाहेरच्या रस्त्याने गाडी करावी लागते, पावसात अर्धा-पाऊण तास. सगळं सुरळीत झालं तर काउंटरवर १२.३५ च्या सुमारास. हाती अर्धा तास, तोही १०.१५ ही वेळ टिकली तर.

ती टिकेल का, याचा अंदाज मेसेजवरून येत नाही. विमान सध्या कुठे आहे ते बघावं लागतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर ते दिसतं: आपल्याला नेणारं विमान अजून कुठल्या गावी आहे, त्याच्या किती फेऱ्या बाकी आहेत. त्या वेळी ते मुंबईच्या जमिनीवर उभं होतं आणि चिकलठाण्याला येण्याआधी त्याची आणखी एक जाऊन-येऊन फेरी बाकी होती. काउंटरवरचा कर्मचारी "येईल, येईल" म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता, पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर तरी वेगळं काय असणार?

रेल्वेचा पर्याय वेळेत बसत नव्हता. तेव्हा जालन्याहून सुटणारी वंदे भारत पहाटेच गेली होती, तपोवन दुपारी पुढे गेली होती, आणि देवगिरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचते. चौथा पर्याय होता आंतरराष्ट्रीय तिकीट पैसे भरून दुसऱ्या दिवशीवर नेण्याचा. जावयाने कंपनीच्या साइटवर तारीख बदलाचा खर्च पाहिला: दोघांचे मिळून ५४,००० रुपये, शिवाय मुंबईतला मुक्काम. गाडीवाल्याने मुंबईपर्यंत जायचे टोलसकट ९,८०० रुपये सांगितले.

निर्णय ४.२० ला झाला, ४.२५ ला गाडी निघाली.

काकांचा जीव तिकिटात अडकला होता. "पैसे भरलेत ना, मग विमान सोडायचं कशाला?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि अशा वेळी बहुतेक घरांत हाच प्रश्न निर्णय लांबवतो. भरलेले पैसे दोन्ही पर्यायांत सारखेच गेलेले असतात. तुलना करायची ती पुढे काय गमावू शकतो याची: एका बाजूला पाच-सात हजारांचं तिकीट, दुसऱ्या बाजूला लाखाच्या घरातलं.

रस्त्याने मुंबई

समृद्धीचा शेवटचा इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला होता, म्हणून जुना कसारा घाट टाळता आला. महामार्गावर चढण्याआधी टाकी भरली आणि चाकांची हवा तपासली. या रस्त्यावर पंप आणि खाण्याच्या सोयी लांब लांब आहेत, आणि वेगात कमी-जास्त हवेची चाकं धोकादायक ठरतात. भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत वेळ जवळजवळ ठरल्याप्रमाणे लागला. खरा वेळ गेला तो आमणे ते सहार या शेवटच्या पट्ट्यात. टर्मिनल २ ला १०.४० ला पोचले.

वाटेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी. काकांच्या रात्रीच्या इन्सुलिनची वेळ ८.३०. डॉक्टरांनी निघण्याआधी बजावलं होतं की जेवण हातात आल्याशिवाय सुई टोचायची नाही. प्रवासात घड्याळ बघून इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर उतरते. काकूंनी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी आणली होती. धपाट्याची पुरचुंडी मांडीवर उघडल्यावर मग सुई. पेन, सुया, साखर तपासण्याचं यंत्र, ग्लुकोजची बिस्किटं आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन हे सगळं हातातल्या पिशवीत होतं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये. बॅग हरवू शकते, आणि विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठलं तर निकामी होतं.

चिकलठाण्याच्या तिकिटाचं काय? उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा देण्याचं बंधन डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमात आहे. इथे उशीर ३ तास २५ मिनिटांचा होता, म्हणजे त्या नियमात बसत नव्हता. पण कंपनीच्या साइटवर फुकट रद्द करण्याचं बटण आलं होतं. दोन तासांहून जास्त उशीर झाला की पुष्कळ कंपन्या ही सवलत स्वतःहून देतात. आमणे जवळ आल्यावर जावयाने ते वापरलं आणि पैसे परत आले. नुसतं न जाता सोडून दिलं असतं तर कर सोडून काही मिळालं नसतं.

रात्री ११ च्या आसपास ते विमान रद्द झाल्याचं कळलं. पण निर्णय बरोबर ठरला तो यामुळे नव्हे. विमान १०.१५ ला सुटलं असतं तरी ४.२० च्या माहितीवर गाडीनेच जाणं योग्य होतं.

दुसरी अडचण: १२.४० चा मेसेज

मुंबईत सामान हॅम्बुर्गपर्यंत टॅग झालं, दोन्ही बोर्डिंग पास मिळाले, व्हीलचेअर आली. गेटवर बसल्यावर १२.४० ला मेसेज: तांत्रिक कारणाने विमान लांबलं, सकाळी ६.२० ला सुटेल. फ्रँकफर्टला ७.३० ऐवजी ११.४५. म्हणजे ९.१५ चं हॅम्बुर्गचं विमान गेलंच.

जावयाने काकांना तो मेसेज न पुसता त्याचा स्क्रीनशॉट पाठवायला लावला. मेसेजमध्ये "तांत्रिक कारण" हे शब्द होते आणि पुढे तेच कामाला आले.

या वेळी जबाबदारीचं चित्र पहिल्या अडचणीच्या बरोबर उलट होतं. पीएनआर एक, म्हणून पुढची सोय कंपनीनेच करायची. इथे प्रवाशाने घाईने स्वतःच्या पैशाने काही खरेदी करणं किंवा स्वतः तिकीट रद्द करणं म्हणजे हातातला हक्क सोडणं. थांबायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. शिवाय एवढ्या लांबच्या प्रवासात उशीर चार तासांचा झाला की खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक असतं, आपल्या डीजीसीएच्या नियमानेही आणि युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानेही. कूपन मागितल्यावर मिळालं. मागितलं नसतं तर मिळालं असतं का, सांगता येत नाही, कारण शेजारच्या बाकांवरचे पुष्कळ जण स्वतःच्या पैशाने खात होते.

काउंटरवर काय सुचवलं गेलं

गेटजवळच्या मदतीच्या टेबलावर रांग लागली. काकू बसून राहिल्या, काका रांगेत, आणि जावई त्याच वेळी कंपनीच्या ॲपवरच्या चॅटमध्ये. दोन्हीकडून एकदम प्रयत्न करणं फायद्याचं. चॅटवरच्या माणसाला बुकिंग बदलण्याचे तेच अधिकार असतात आणि तिथे उत्तर लेखी मिळतं.

टेबलावरून पहिला पर्याय आला सकाळच्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाने लंडनमार्गे हॅम्बुर्गचा. ऐकायला उत्तम: दुपारीच पोचणार. काका हो म्हणायला निघाले होते. जावयाने फोनवर थांबवलं. भारतीय पासपोर्टवर लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडासारख्या काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट मिळू शकते, पण शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, पर्यटक व्हिसा त्या सुटीत बसत नाही. या दोघांकडे तेवढाच होता. मुंबईच्या काउंटरवरच त्यांना लंडनच्या विमानात चढू दिलं नसतं, आणि तोवर मूळ विमानातल्या जागाही सुटल्या असत्या. घाईतल्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर रिकाम्या जागा दिसतात, प्रवाशाचा व्हिसा दिसत नाही. म्हणून कुठलाही नवा मार्ग मान्य करण्याआधी एकच प्रश्न: मध्ये कुठला देश येतो आणि तिथून जायला आपल्याला व्हिसा लागतो का?

दुसरा पर्याय सिस्टिमने आपोआप लावलेला: फ्रँकफर्टहून १२.५० चं विमान. यात दोन खोटी होत्या. पहिली वेळेची. ११.४५ ला उतरून तासाभरात शेंगेन इमिग्रेशनची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि व्हीलचेअरवरून दुसऱ्या गेटला जाणं. कंपन्यांच्या संगणकात फ्रँकफर्टची किमान जोड ४५ मिनिटांची धरलेली असते, ती चालत्या-फिरत्या माणसाची. दुसरी खोट जावयाला बुकिंग उघडल्यावर दिसली: काकांची जागा पक्की, काकूंची प्रतीक्षेत. एका पीएनआरवरच्या दोघांना सिस्टिम असं वेगळं करू शकते आणि मेसेजमध्ये ते धड कळत नाही.

तिसरा पर्याय ४.०५ चं विमान, दोघांनाही पक्की जागा. चौथा, फ्रँकफर्ट विमानतळालगतच्या स्टेशनावरून रेल्वेने हॅम्बुर्ग, साधारण चार तास. मुलगी याच्या बाजूने होती. पण बॅगा हॅम्बुर्गपर्यंत टॅग झालेल्या, भाषा येत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकिटातला शेवटचा टप्पा न सांगता सोडला तर परतीचा प्रवास रद्द होण्याची भीती.

४.०५ ठरलं. चॅटमध्ये जावयाने मुद्दाम लिहिलं की १२.५० ला एका प्रवाशाची जागा पक्की नाही आणि ज्येष्ठ दांपत्याला वेगळं पाठवता येत नाही, म्हणून दोघांची पक्की जागा असलेलं पुढचं विमान हवं. हे वाक्य आणि काकूंच्या नावापुढची प्रतीक्षेची नोंद, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवले.

त्यानंतर तीन गोष्टी विचारून घेतल्या, ज्या बहुतेक जण विचारत नाहीत.

एक, तिकीट नव्याने जारी झालं का. बुकिंगमध्ये नवं विमान दिसणं आणि तेरा आकडी ई-तिकीट त्या विमानाला जोडलं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी राहिली तर बोर्डिंग पास निघत नाही किंवा गेटवर चालत नाही. इथे खरोखर राहिली होती; चॅटवरच्या माणसाने दहा मिनिटांत करून दिली.

दोन, व्हीलचेअरची नोंद नव्या विमानावर आली का. आली नव्हती. ती, मधुमेहाचं जेवण आणि निवडलेल्या सीट या तिन्ही गोष्टी विमान बदललं की अनेकदा गळतात.

तीन, बॅगांच्या टॅगवर जुन्या विमानाचा नंबर आहे, त्या नव्या विमानात जातील ना. उत्तर "हो" आलं. तरी एक बॅग राहिलीच, ते पुढे येईल.

फ्रँकफर्ट

विमान ६.२५ ला सुटलं. निघण्याआधी काकांनी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलं: पीएनआर, दोघांचे तिकीट नंबर, नव्या विमानाचा नंबर आणि वेळ, मुलीचा फोन, आणि इंग्रजीत एक वाक्य, "आम्हाला व्हीलचेअर हवी, आम्ही एकत्र आहोत." ते पान खिशात. मोबाइलवरचं बुकिंग उघडायला नेट लागतं, आणि फ्रँकफर्टला उतरल्यावर काकांचं रोमिंग सुरू व्हायला बराच वेळ लागला. व्हीलचेअर घेऊन आलेल्या मदतनिसाला त्यांनी ते पान दाखवलं. एक शब्दही न बोलता काम झालं.

इमिग्रेशनला पाऊण तास गेला. शिक्का फ्रँकफर्टलाच बसला, कारण शेंगेन भागात पहिला प्रवेश तिथे होता. हॅम्बुर्गचं विमान मग देशांतर्गत. १२.५० चं विमान घेतलं असतं तर ते चुकलं असतं.

हॅम्बुर्ग आणि राहिलेली बॅग

५.१० ला हॅम्बुर्ग. ठरलेल्या वेळेपेक्षा ६ तास ५० मिनिटं उशिरा. एक बॅग आली, दुसरी नाही. बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून दहा अक्षर-अंकांचा संदर्भ क्रमांक घेतला. बाहेर पडून नंतर फोन करू म्हटलं की प्रकरण अवघड होतं. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. मधल्या वेळेत काकूंसाठी घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या ठेवल्या आणि कंपनीला लेखी कळवलं. बॅग उशिरा आली तर ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत आणि मोडली-फाटली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, असं १९९९ च्या माँट्रियल करारात आहे. भारत त्यात २००९ पासून आहे.

भरपाईचा पाठपुरावा

युरोपीय कंपनी, प्रवासाचा शेवट युरोपात, अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त, शेवटच्या ठिकाणी उशीर चार तासांहून अधिक. २६१ च्या नियमाने माणशी ६०० युरो. युरोपबाहेरच्या कंपनीने मुंबईहून नेलं असतं तर जाताना हा नियम लागू झालाच नसता, फक्त युरोपातून निघताना झाला असता.

जावयाने कंपनीच्या साइटवरचा अर्ज भरला. तीन आठवड्यांनी नकार आला, दोन मुद्द्यांवर. मुंबईत मुसळधार पाऊस होता, म्हणजे परिस्थिती कंपनीच्या हाताबाहेरची. आणि १२.५० चं विमान दिलं होतं, ते प्रवाशांनी नाकारलं. त्याने गेले असते तर उशीर चार तासांच्या आत राहिला असता. त्या फरकाला महत्त्व आहे, कारण एवढ्या अंतरावर उशीर तीन ते चार तासांचा असेल तर रक्कम निम्मी करता येते.

उत्तरात कंपनीचाच १२.४० चा मेसेज जोडला, "तांत्रिक कारण" असं लिहिलेला. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड ही हाताबाहेरची परिस्थिती धरता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या पहाटे मुंबईहून युरोपला गेलेल्या दुसऱ्या विमानांच्या वेळा जोडल्या. आणि काकूंच्या प्रतीक्षेतल्या जागेचा स्क्रीनशॉट. कंपनीने पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केलं. प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच कूपन चालतं, नाहीतर पैसेच द्यावे लागतात. कूपन नाकारलं आणि १,२०० युरो मंजूर झाले.

शेवटची अडचण अगदी आपल्याकडची. काकांचं पेन्शनचं खातं ज्या शाखेत आहे तिथे परदेशी रक्कम थेट घेण्याची सोय नव्हती. दोघांच्या सहीचं अधिकारपत्र देऊन रक्कम मुलीच्या जर्मन खात्यात घेतली. दावा लढवणाऱ्या कंपन्या यासाठी पाव ते एक तृतीयांश वाटा घेतात. कागद असे नीट असतील तर तो वाटा देण्याचं कारण नाही.

भारतातल्या टप्प्याबद्दल वाद झाला असता तर आधी कंपनीकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता आली असती, आणि तिथेही न भागल्यास परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षं. त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

चिकलठाण्यापासूनच एक पीएनआर घेता आला असता, जिथे भारतीय आणि युरोपीय कंपनीत तसा करार असतो. या प्रवासात दोघांचा मिळून फरक ११,००० रुपये पडत होता, जवळजवळ गाडीच्या भाड्याइतका. पण यातही एक मर्यादा आहे, आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. एक पीएनआर असला की पोचवण्याची जबाबदारी कंपनीची होते, पाऊस थांबत नाही. चिकलठाण्याचं विमान रद्द झालं असतं तर दोघांना एक-दोन दिवसांनंतरच्या जागा मिळाल्या असत्या. फिरायला निघालेल्यांना ते चालतं, बाळंतपणासाठी निघालेल्या आईला नाही. जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यातून रात्रीचं आंतरराष्ट्रीय विमान गाठायचं तर एक दिवस आधी मुंबईत असणं हाच आमच्या मते खरा उपाय. तपोवनने आदल्या रात्री ठाण्याला किंवा दादरला उतरून एक मुक्काम केला असता, तर गाडीच्या खर्चापेक्षा कमी पैशांत झालं असतं. रेल्वेगाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचंच नसेल, तर ती आपल्या स्टेशनावरून सुटण्याआधी टीडीआर (रेल्वेचा परताव्याचा अर्ज) भरून पूर्ण पैसे परत मिळतात. म्हणजे तिथेही माघार घ्यायला जागा आहे.

एजंटाचा नंबर बदलण्याचं काम तिकीट हातात आलं त्याच दिवशी करता आलं असतं: कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकायचं, संपर्काच्या जागी प्रवाशाचा आणि घरच्या एका जाणत्या माणसाचा नंबर भरायचा. पाच मिनिटं लागतात. ११.५० चा मेसेज वेळेवर मिळाला असता तर दोघं जालन्यालाच समृद्धीवर चढू शकले असते.

विम्याचा उपयोग झाला नाही. विमान चुकल्याचं संरक्षण पॉलिसीत होतं, पण ते प्रत्यक्ष विमान चुकलं तरच. प्रवास लांबल्याची थोडी रक्कम मिळू शकत होती. त्यासाठी कंपनीकडून उशिराचं प्रमाणपत्र ईमेलने मागवावं लागतं, आणि ते मागायचं राहून गेलं.

बॅगेबाबत आणखी एक. बाळाचे कपडे आणि काकूंच्या औषधांचा पुढचा साठा नेमका न आलेल्या बॅगेत होता. दोघांचं सामान दोन्ही बॅगांत निम्मं-निम्मं भरलं असतं तर एक बॅग राहिल्याचा त्रास पुष्कळ कमी झाला असता.

परतीचं विमान ऑक्टोबरमध्ये मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरणारं होतं आणि एजंटाने पुढे सकाळचं चिकलठाण्याचं तिकीट सुचवलं होतं. ते घेतलं नाही. मुंबईत नातेवाइकांकडे सकाळपर्यंत आराम आणि दुपारी दादरहून परभणीपर्यंत जनशताब्दी, असं बुकिंग मुलीनेच हॅम्बुर्गहून केलं, संपर्काच्या जागी काकांचा आणि स्वतःचा नंबर टाकून.